कोंडणं वेगळं, ओलीस ठेवणं वेगळं

आपल्या बातम्यांत 'ओलीस' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. तहसीलदारांना दालनात कोंडलं की ते ओलीस, रस्ता अडवला की प्रवासी ओलीस. युद्धाच्या कायद्यात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे, आणि तो नीट सिद्ध करता आला नाही म्हणून शेकडो माणसं धरणारे लोकही या एका आरोपातून सुटले आहेत.

कायदा तीन गोष्टी पाहतो. माणूस ताब्यात हवा. त्याला मारू, इजा करू किंवा सोडणारच नाही, अशी धमकी हवी. आणि ती धमकी देण्यामागे तिसऱ्या कुणाला तरी, म्हणजे एखादं सरकार, सैन्य, आंतरराष्ट्रीय संस्था किंवा नुसतं कुटुंब, काही करायला किंवा न करायला भाग पाडण्याचा हेतू हवा. पहिल्या दोन गोष्टी क्रौर्याच्या पुष्कळ प्रकारांत सापडतात. ओलीस ठेवण्याचा गुन्हा घडतो तो तिसरीमुळे, म्हणजे अटीमुळे.

युद्धात शत्रूचा सैनिक पकडला तर त्याला लढाई संपेपर्यंत डांबून ठेवणं कायदेशीर आहे. दोन्ही बाजूंनी ठरवून युद्धकैद्यांची अदलाबदल करणंही कायदेशीर आहे. पण त्याच सैनिकाच्या कानशिलाला बंदूक लावून 'विमानं परत बोलवा, नाहीतर हा मेला' असं कुणी म्हटलं, की त्या क्षणापासून तो ओलीस. खोली तीच, पहारेकरी तोच. बदलली ती फक्त अट.

हा व्यवहार एके काळी राजरोस चालायचा. वडगावच्या लढाईनंतर जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला, तेव्हा तो पाळला जाईल याची हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस ठेवले होते. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने आपली दोन लहान मुलं कॉर्नवॉलिसच्या हवाली केली. मराठे त्या तहात इंग्रजांच्या बाजूचे भागीदार होते. तेव्हाचा ओलीस हा एका अर्थी जामीनदार होता. त्याला इतमामाने ठेवायचं आणि शब्द पाळला गेला की परत करायचं.

दुसऱ्या महायुद्धात या जुन्या रूढीचं काय झालं ते जर्मनांनी व्यापलेल्या सर्बियात दिसलं. १६ सप्टेंबर १९४१ च्या आदेशात जर्मन सैन्याच्या फील्ड मार्शल कायटेलने ठरवून दिलं की एक जर्मन सैनिक मारला गेला तर ५० ते १०० कम्युनिस्टांना मारणं योग्य समजावं. ऑक्टोबरमध्ये क्रागुयेवात्स या गावात अडीच हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे गोळ्या घालून मारले गेले, त्यांत शाळकरी पोरंही होती. युद्धानंतर बाल्कनमधल्या जर्मन सेनापतींवर न्यूरेंबर्गला खटला चालला. त्याला 'ओलीस खटला' म्हणूनच ओळखतात. फेब्रुवारी १९४८ च्या निकालात मुख्य आरोपी विल्हेल्म लिस्टला जन्मठेप झाली. पण त्याच निकालात न्यायाधीशांनी असंही म्हणून ठेवलं की अगदी शेवटचा उपाय म्हणून, काटेकोर अटी पाळून, ओलिसांना मारणं प्रचलित कायद्यात बसू शकतं. लिस्ट १९५२ च्या अखेरीस बाहेरही आला.

त्या वाक्यावर टीकेची झोड उठली, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ती फट कायमची बुजवली. चौथ्या कराराचं कलम ३४ एका ओळीचं आहे: ओलीस ठेवण्यास मनाई आहे. त्यात 'शक्यतो' नाही, 'लष्करी गरज नसल्यास' नाही. युद्धाच्या कायद्यातली बरीच कलमं गरज आणि हानी तराजूत तोलतात, हे तोलत नाही. चारही करारांत जवळपास जसंच्या तसं येणारं समाईक कलम ३ हीच मनाई यादवी युद्धालाही लावतं, म्हणजे बंडखोर गटही तिच्यातून सुटत नाहीत.

आता बोस्निया. ओलीस ठेवण्याच्या गुन्ह्याचा सर्वांत तपशिलात तपासला गेलेला आधुनिक खटला तिथला आहे.

मे १९९५ मध्ये, बोस्नियातलं यादवी युद्ध चालू असताना, बोस्नियन सर्ब सैन्याने सारायेव्होभोवतीची जड शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या केंद्रांवर परत आणून ठेवण्यास नकार दिला. २५ आणि २६ मे रोजी नाटोच्या विमानांनी पाले या त्यांच्या राजधानीजवळच्या दारूगोळ्याच्या कोठारांवर बॉम्ब टाकले. उत्तरादाखल सर्ब सैन्याने ठिकठिकाणचे संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक आणि लष्करी निरीक्षक मिळून दोनशेहून अधिक माणसं धरली. काहींना कोठारांजवळ आणि याहोरिना डोंगरावरच्या रडार केंद्रापाशी हातकड्या घालून बांधलं, म्हणजे बॉम्ब पडलाच तर आधी त्यांच्यावर पडेल. निरीक्षकांना त्यांच्याच वायरलेसवरून मुख्यालयाला कळवायला लावलं की हल्ले थांबले नाहीत तर आम्हाला मारतील. बांधलेल्या माणसांचं चित्रीकरण टीव्हीवर दाखवलं.

हवाई हल्ले थांबले. जून १९९५ च्या मध्यापर्यंत सगळे ओलीस टप्प्याटप्प्याने सुटले. वरवर पाहता प्रकरण मिटलं, ओलिसांपैकी कुणी मेलंही नाही. पण ओलीस प्रकरणाचा हिशेब फक्त ओलिसांच्या जिवावर करता येत नाही. ११ जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणातलं स्रेब्रेनित्सा हे मुस्लिम गाव पडत असताना तिथले काही डच शांतिसैनिक सर्बांच्या ताब्यात होते. दुपारी दोन डच एफ-१६ विमानांनी सर्ब रणगाड्यांवर बॉम्ब टाकले, सर्बांनी पकडलेल्या डच सैनिकांना मारण्याची धमकी दिली आणि पुढचे हल्ले रद्द झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत तिथले आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. स्रेब्रेनित्साची कारणं एकटी ही नाहीत. पण मे महिन्यात जी युक्ती चालली तीच जुलैत पुन्हा वापरली गेली, हे निर्विवाद आहे. धरलेल्या माणसाला बांधून प्रत्यक्षात बांधले जातात ते दुसऱ्याचे हात. मग ते हात ज्यांना वाचवू शकले असते, ते मरतात.

संयुक्त राष्ट्रांची मूळ चूक रचनेत होती. हलकी शस्त्रं असलेले किंवा पूर्ण निःशस्त्र निरीक्षक एका बाजूच्या मुलखात विखुरलेले, आणि त्याच बाजूवर आकाशातून हल्ला. हे म्हणजे हमीदार आपण होऊन त्यांच्या घरात बसवून ठेवल्यासारखं झालं. पुढे उघड्यावरच्या चौक्या मागे घेतल्या, सर्बांनी वेढलेल्या गोराझ्दे शहरातले ब्रिटिश शांतिसैनिक ऑगस्टअखेरीस बाहेर काढले, आणि मगच ३० ऑगस्टला नाटोची मोठी मोहीम सुरू झाली. धरायला हाताशी कुणी उरलं नव्हतं.

युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्बांचा राजकीय प्रमुख राडोव्हान कराजिच आणि सेनापती रात्को म्लादिच यांच्यावर पहिलं आरोपपत्र २५ जुलै १९९५ ला ठेवलं, म्हणजे ओलीस सुटून दीड महिनाही झाला नव्हता. कराजिच सापडला तो २००८ मध्ये, बेलग्रेडमध्ये. लांब दाढी वाढवून, खोट्या नावाने पर्यायी उपचार करणारा वैद्य म्हणून वावरत होता. म्लादिच २०११ मध्ये सापडला.

खटल्यात ओलीस प्रकरण हा अकरावा आरोप होता. कराजिचचा बचाव वरकरणी तर्कशुद्ध होता. नाटोने संयुक्त राष्ट्रांच्या सांगण्यावरून बॉम्ब टाकले, म्हणजे संयुक्त राष्ट्रं युद्धात उतरली, म्हणजे त्यांची माणसं लढवय्ये झाली, म्हणजे त्यांना पकडणं कायदेशीर, आणि कायदेशीर कैदी ओलीस कसा? अपीलपीठाने डिसेंबर २०१२ च्या निर्णयात हा मनोरा पायापासूनच काढून टाकला. पकडला जाण्याआधी माणूस लढवय्या होता की नव्हता याने फरक पडत नाही. ताब्यात आला की तो लढाईबाहेर गेला, आणि लढाईबाहेरच्या कुणालाही ओलीस ठेवणं समाईक कलम ३ ने निषिद्ध आहे. त्याआधी २००९ मध्येच याच पीठाने सांगितलं होतं की मूळ अटक बेकायदेशीर असणं हा या गुन्ह्याचा घटकच नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले की चित्र स्वच्छ होतं: कायदा पकडण्याकडे पाहत नाही, पकडल्यानंतर त्या माणसाचा काय उपयोग केला गेला याकडे पाहतो.

दुसरा प्रश्न असा की कराजिचने स्वतः कुणाला हातकडी घातली नव्हती, मग तो दोषी कसा? न्यायाधिकरणाने चार वेगवेगळे संयुक्त गुन्हेगारी कट मानले आणि त्यांतला एक खास ओलीस ठेवण्याचा होता. समान उद्देश, त्यासाठी अनेकांनी मिळून केलेली कृती आणि त्यात आरोपीचा भरीव वाटा, एवढं दाखवावं लागतं. याच्या जोडीला वरिष्ठाच्या जबाबदारीचा वेगळा मार्गही आहे. त्यात सिद्ध करायचं ते असं: हाताखालच्यांवर खरोखर ताबा होता, त्यांनी काय केलं हे माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरी रोखलं नाही किंवा नंतर शिक्षा केली नाही. 'ताबा' म्हणजे कागदावरची पायरी नव्हे. त्याने हुकूम दिला की माणसं सुटत होती का, हे पाहतात. ओलीस प्रकरणात हा पुरावा बऱ्याचदा सुटकेतूनच मिळतो, कारण ज्याच्या शब्दावर दार उघडतं त्याच्याच शब्दावर ते बंद होतं.

कराजिचला मार्च २०१६ मध्ये अकरापैकी दहा आरोपांत दोषी धरून ४० वर्षांची शिक्षा झाली आणि २० मार्च २०१९ ला अपिलात ती जन्मठेप झाली. म्लादिचची जन्मठेप ८ जून २०२१ ला कायम झाली. ओलीस ठेवण्याचा आरोप दोघांवरही सिद्ध झाला. घटना आणि शेवटचा शब्द यांत २४ आणि २६ वर्षं गेली. युद्धगुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागत नाही, म्हणून एवढं तरी झालं. मधल्या काळात कराजिचने असंही सांगून पाहिलं की सत्ता सोडली तर खटला होणार नाही, असं वचन एका अमेरिकी मुत्सद्द्याने आपल्याला दिलं होतं. न्यायाधिकरणाचं उत्तर होतं की असं वचन दिलं गेलं असलं तरी ते आमच्यावर बंधनकारक नाही.

याच्या अगदी उलट निकाल पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये लागला, आणि त्यात भारतीय धागा आहे. मे २००० मध्ये तिथल्या 'रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट' (आरयूएफ) या संघटनेच्या बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक धरले. त्या शांतिसेनेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. कैलाहुनमध्ये वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांना १५ जुलैला सुरू झालेल्या 'ऑपरेशन खुकरी'ने बाहेर काढलं.

बंडखोरांच्या तीन नेत्यांवर सिएरा लिओनसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयात खटला चालला. शांतिसैनिकांवरच्या हल्ल्यांसाठी इसा सेसे आणि मॉरिस कॅलन दोषी ठरले. एकूण शिक्षा सेसेला ५२ वर्षं, कॅलनला ४०. पण ओलीस ठेवण्याच्या आरोपातून तिघेही सुटले. का? सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की सैनिक धरले ते बंडखोरांचा नेता फोडे सांकोह याला सोडवून घेण्यासाठी. तारखा आडव्या आल्या. सैनिक मेच्या पहिल्या दिवसांत धरले गेले, सांकोह पकडला गेला १७ मेला. जो अजून मोकळा आहे त्याच्या सुटकेसाठी माणसं कशी धरतील? शिवाय सैनिकांच्या सुटकेला अमुक अट आहे असं बंडखोरांनी तिसऱ्या कुणाला कळवल्याचं खटला चालवणाऱ्या पीठाला दिसलं नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये अपीलपीठाने कायद्याचा लावलेला अर्थ दुरुस्त केला: धमकी तिसऱ्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे असं नाही, आणि हेतू पकडण्याच्या क्षणीच असायला हवा असंही नाही, तो नंतर मनात आला तरी चालतो. पण या आरोपींच्या मनात तो होता हे सिद्ध झालेलं नसल्यामुळे निर्दोष मुक्तता टिकली. माझ्या मते बोस्निया आणि सिएरा लिओनमधला मोठा फरक कृत्यात नव्हता. पालेमध्ये करणाऱ्यांनी आपली अट वायरलेसवर बोलून आणि टीव्हीवर दाखवून नोंदवून ठेवली होती, हा तो फरक.

या खटल्याला माफीचं एक आधीचं प्रकरणही आहे. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या ७ जुलै १९९९ च्या लोमे करारात बंडखोरांना सरसकट माफी दिली होती. सही करताना संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने हाताने टीप जोडली की नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे यांना ही माफी लागू नाही. मार्च २००४ मध्ये विशेष न्यायालयाने ठरवलं की ती माफी आपल्यापुढच्या खटल्याच्या आड येत नाही. वाटाघाटी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं: माणसं सोडवण्यासाठी पैसा देता येतो, कैदी देता येतात, पण युद्धगुन्ह्याची माफी देणं त्यांच्या हातात नसतं. ती देऊ केली तर पुढचं न्यायालय तिला जुमानेलच असं नाही.

मग अट सिद्ध करायची कशी? सुटून आलेल्या माणसाला तपास करणारे बहुधा पहिलं विचारतात, 'कुणी धरलं? मारलं का?' ते आवश्यक आहेच, पण त्यातून निघतो तो बेकायदा कैद आणि छळाचा गुन्हा. ओलीस ठेवणं सिद्ध करणारे प्रश्न वेगळे असतात: तुमच्यासमोर फोन किंवा वायरलेसवर कोण बोललं, कुणाशी, काय मागितलं? उत्तर यायला उशीर झाला तेव्हा वागणूक बदलली का? कुठल्या बातमीनंतर तुम्हाला हलवलं? कॅमेऱ्यासमोर काय बोलायला लावलं, कागद कुणी लिहिला होता? पलीकडे ज्याने मागणी ऐकली, तो वाटाघाटी करणारा, त्याची वेळ लिहिलेली वही कितीदा तरी निर्णायक ठरते. ती फाडून टाकली की अर्धा खटला गेला. सुटलेली माणसं आपापल्या देशांत पांगतात, म्हणून जबाब पहिल्या काही दिवसांत आणि शक्यतो मुलाखती देण्याआधी घ्यावा. नाहीतर दहा वर्षांनी उलटतपासणीत वकील टीव्हीवरचं वाक्य आणि जबाबातलं वाक्य शेजारी शेजारी ठेवतो. पहारेकऱ्यांनी काय केलं याचा लेखी जबाब हेगमध्ये चालू शकायचा. पण खुद्द आरोपीच्या कृतीबद्दल बोलायचं तर साक्षीदाराला उलटतपासणीला तोंड द्यावंच लागे.

व्हिडिओचंही तसंच. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलमधून मूळ वेळ आणि उपकरणाची माहिती बहुतेक गळून पडलेली असते. मूळ फाइल मिळवायची, तिचा हॅश म्हणजे डिजिटल ठसा काढून ठेवायचा, ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची साखळी लिहायची. आणि रेडक्रॉसकडून साक्षीची अपेक्षा करायची नाही. त्यांचे प्रतिनिधी ओलिसांना भेटू शकतात, निरोप पोहोचवू शकतात, सुटलेल्यांना गाडीत बसवून आणू शकतात. पण जे पाहिलं ते न्यायालयात सांगत नाहीत. हेगच्या न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये हा त्यांचा हक्क मान्य केला. साक्ष देणार असतील तर त्यांना पुढच्या वेळी आत कोण घेईल?

'त्यांनी आधी केलं' हा बचावही इथे चालत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमास आणि इतर गटांनी इस्रायलमधून २५१ जणांना गाझात नेलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ ला हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद देइफविरुद्ध काढलेल्या वॉरंटमध्ये ओलीस ठेवण्याचा युद्धगुन्हा होता. देइफ मारला गेल्यामुळे ते प्रकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झालं. देइफविरुद्ध वॉरंट निघालं त्याच दिवशी त्याच न्यायालयाने नेतान्याहू आणि इस्रायलचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्याविरुद्धही वॉरंट काढलं. त्यातल्या आरोपांत उपासमारीचा युद्धाचं साधन म्हणून वापर हा युद्धगुन्हा आहे. वॉरंट म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण एका बाजूचा गुन्हा दुसऱ्या बाजूचं कृत्य धुऊन काढत नाही, ही रचना त्यात दिसते.

आपल्याकडे काय? २६/११ ला मुंबईत ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउसमध्ये माणसं ओलीस धरली गेली, पण खटला युद्धगुन्ह्याचा झाला नाही. कसाबवर सिद्ध झालेल्या आरोपांत 'भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं' होतं. ते भारतीय दंडसंहितेतलं युद्ध, जिनिव्हा करारांतलं सशस्त्र संघर्षाचं युद्ध नव्हे. ओलीस ठेवण्यासाठी दंडसंहितेत कलम ३६४-अ होतं, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम १४०(२) आहे. त्यातही तेच तीन घटक आहेत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडणीसाठी मुलाला पळवल्याच्या एका खटल्यात या कलमाखालची दोषसिद्धी रद्द केली, कारण अपहरण आणि खंडणीची मागणी दिसत होती, पण जिवाची धमकी सिद्ध झाली नव्हती. उरलं ते साधं अपहरण.

युद्धगुन्ह्यांसाठी भारतात १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. करारांचा गंभीर भंग करणाऱ्याला, तो गुन्हा देशाबाहेर घडला असला तरी, त्याखाली शिक्षा होऊ शकते: संरक्षित व्यक्तीची हत्या असेल तर फाशी किंवा जन्मठेप, इतर भंगांना १४ वर्षांपर्यंत कैद. पण समाईक कलम ३ चा भंग या 'गंभीर भंगां'च्या यादीत येत नाही, म्हणजे अंतर्गत सशस्त्र संघर्षातलं ओलीस प्रकरण या कायद्याच्या बाहेर राहतं. आणि कलम १७ प्रमाणे सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कुठलंही न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. गोवा भारतात आल्यावर पोर्तुगीज नागरिकत्व धरून राहिलेल्या एका गोवेकर धर्मगुरूने या कायद्याचा आधार घेऊन पाहिला होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांगितलं की हा कायदा कुणालाही सरकारविरुद्ध न्यायालयात जाण्याचा हक्क देत नाही.